टाकीतली हवा

आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक बाथरूम आहे आणि त्याच्या दाराला आतून कडी आहे. ह्या कडीसाठी मी लग्नानंतर बरीच वर्षं भांडले, कधी उघड, कधी भांडी आपटून. म्हणून बाकीचं सांगण्याआधी ती आहे एवढं सांगून टाकते.

घर जूचंद्रला. सासऱ्यांचं आयुष्य मिठागरात आणि भातशेतीत गेलं. आता मिठागर सुटलंय, शेतीचा एक तुकडा उरलाय, आणि हुकूम सोडायची सवय मात्र पूर्वीएवढीच आहे. घराच्या मागच्या बाजूला पडवी, पडवीला लागून विहीर आणि विहिरीला लागून न्हाणी. न्हाणीला पत्र्याचं दार होतं, पण कडी नव्हती. आत कोणी आहे हे कळावं म्हणून दारावर टॉवेल टाकायची पद्धत. टॉवेल दिसला की माणसं थांबायची, पण थांबायची ती दाराच्या बाहेरच, आणि बोलत राहायची. "झाला का गो?" असं सासूबाई विचारणार. सासरे विहिरीच्या कट्ट्यावर बसून दात घासता घासता आज कोलीम आणायची की बोंबील, ह्यावर माझं मत मागणार. एकदा शेजारची काकी दाराबाहेरून मुलीच्या हळदीचं आमंत्रण देऊन गेली, आणि मी डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत "नक्की येते" म्हणाले. माझं माहेर डोंबिवलीचं. दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो, पण बाथरूमला कडी होती. कडीच्या आत आपण कोणाची मुलगी नसतो, बहीण नसतो, सून नसतो. मला दिवसातून एकदा तसं व्हायला लागतं, नाहीतर माझं डोकं फिरतं. हे मी सासरी आल्यावर सांगून पाहिलं. ऐकणाऱ्यांना ते डोंबिवलीचे नखरे वाटले.

मग घरावर दोन खोल्या चढल्या. वर पत्रे असल्यामुळे पाण्याची टाकी ठेवायला स्लॅब नव्हता. म्हणून वरचं बाथरूम टाईल्स लावून, शॉवर बसवून, कडी ठोकून तयार झालं, आणि कोरडंच राहिलं. विहिरीतून बादली भरायची आणि जिन्याने वर न्यायची. पाणी जिन्यावर सांडलं की सासरे कपाळाला हात लावायचे. मी माणिकपूरला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. तिथे जाता-येता हार्डवेअरचं एक दुकान लागतं. त्या दुकानदाराने मला प्रेशर पंप आणि प्रेशर टाकी ही गोष्ट समजावून सांगितली. लोखंडी टाकीच्या आत एक रबरी पिशवी असते, आणि पिशवीच्या बाहेर टाकीत हवा भरलेली असते. मोटर विहिरीचं पाणी पिशवीत ढकलते, पिशवी फुगते, बाहेरची हवा दाबली जाते. वर नळ उघडला की ती दाबलेली हवा पाण्याला वर लोटते. पाणी थोडं संपलं की मोटर आपली आपण सुरू होते, भरलं की बंद होते. स्लॅबची गरज नाही, बादलीची गरज नाही. मी त्या दुकानात उभ्या उभ्या नवऱ्याला फोन लावला.

सासऱ्यांनी एका अटीवर होकार दिला. "टाकीनं तरास दिला, मोटर जलली, त सगला उचलून भंगारवाल्याला देनार. मंग वर शावर नाय का काय नाय. समद्यांनी खाली यायचा." समद्यांनी म्हणजे कोणी, ते माझ्याकडे बघून म्हणाले.

टाकी पडवीत बसली, वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली. निळी, गोल, कंबरेएवढी उंच. पहिले काही आठवडे मी स्वर्गात होते. सकाळी कडी लावायची, शॉवर सोडायचा, आणि कोणी विचारत नव्हतं की झालं का. आमच्या विहिरीचं पाणी किंचित खारट आहे, साबणाला फेस येत नाही. पण त्या दिवसांत मी त्या पाण्याची तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

मग एका सकाळी शॉवरला उचकी लागली. पाणी जोरात यायचं, थांबायचं, पुन्हा जोरात यायचं. खालून मोटरचा आवाज येत होता, चालू, बंद, चालू, बंद, एका श्वासात चार वेळा. मी टॉवेल गुंडाळून खाली आले तर सासरे टाकीसमोर हात मागे बांधून उभे. चेहऱ्यावर दुःख दाखवायचा प्रयत्न होता, पण तो त्यांना जमत नव्हता.

नवऱ्याने ऑफिसला दांडी मारली. माझा नवरा मोबाईलवर व्हिडिओ बघून कुठल्याही विषयातला तज्ज्ञ होऊ शकतो. त्याने तीन भाषांतले व्हिडिओ पाहिले, आणि जेवायच्या वेळेपर्यंत तो प्रेशर टाकीवर व्याख्यान द्यायला तयार होता. "सिंपल आहे," तो म्हणाला. "टाकीच्या डोक्यावर टायरसारखा व्हॉल्व्ह आहे बघ. त्याची पिन दाबायची. पाणी आलं तर रबर फाटलंय. काहीच आलं नाही तर हवा गेलीय." त्याने व्हॉल्व्हचं काळं टोपण काढलं, पिन दाबली. काहीच आलं नाही. म्हणजे रबर शाबूत आणि हवा गायब. हवा नसेल तर पाण्याला ढकलणारं कोणी राहत नाही, नळ उघडला की लगेच मोटर, बंद केला की लगेच बंद. अशी मोटर फार दिवस टिकत नाही, हेही त्याने व्हिडिओत ऐकलं होतं. सासऱ्यांनीही ते ऐकलं आणि मान डोलावली. अख्ख्या व्याख्यानातलं त्यांना पटलेलं ते एकच वाक्य असावं.

त्याने मोटर बंद केली, नळ उघडून टाकी रिकामी केली, मोटरसायकलच्या चाकात हवा भरायचा पायपंप आणला आणि घाम गाळून टाकीत हवा भरली. गेजचा काटा हवा होता तिथे आला. संध्याकाळी मी मुद्दाम दुसऱ्यांदा आंघोळ केली. पाणी एकसारखं येत होतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा उचकी.

आता नायगावचा प्लंबर आला. त्याने टाकीभोवती एक चक्कर मारली, पाइपला बोटाने टिचकी मारली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "हे कोणी बसवलं हो? काय काम केलंय." नवरा म्हणाला, "तुम्हीच." प्लंबरने पाइपला पुन्हा एक टिचकी मारली. मग म्हणाला, "तरीच फिटिंग इतकं चांगलंय." त्याने विहिरीतल्या फुटव्हॉल्व्हवर संशय घेतला, मग प्रेशर स्विचवर, मग विहिरीच्या पाण्यावर, मग जूचंद्रच्या विजेवर. शेवटी त्याने हवेच्या व्हॉल्व्हची आतली पिन बदलली, त्यावर साबणाचा फेस लावला, बुडबुडा येत नाही हे सगळ्यांना दाखवलं, हवा भरली आणि गेला. त्या दिवशी टाकी चालली. पुढच्या सकाळी टाकीत हवा नव्हती.

असं चार-पाच वेळा झालं. दिवसभर हवा टिकायची, रात्र उलटली की गेलेली असायची. आणि एक बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानात आली. व्हॉल्व्हचं ते काळं टोपण रोज सकाळी वेगळं दिसायचं. नवरा ते घट्ट फिरवून बसवायचा. सकाळी ते नुसतं टेकवलेलं असायचं. टाकी आपलं टोपण काढून पुन्हा ठेवत नाही. म्हणजे ही बिघाडाची गोष्ट नव्हती, घरातल्या कोणाचं तरी काम होतं.

माझा पहिला संशय कोणावर गेला हे सांगायला नको. सासऱ्यांनी रविवारची मुदत दिली होती. भंगारवाल्याला निरोपसुद्धा धाडून झाला होता. रविवारी टाकी नीट चालली नाही तर हातगाडीवर चढणार. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कुठल्या लग्नातही पाहिला नव्हता. मला त्यांना रंगेहाथ पकडायचं होतं. रंगेहाथ म्हटल्यावर मला नीळ आठवली. सासऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांना घालायची नीळ घरात होतीच. ती मी चिमूटभर घेतली, व्हॅसलीनमध्ये कालवली आणि त्या काळ्या टोपणाला कडेकडेने लावली. काळ्यावर निळं दिसत नाही. बोटाला लागलं की मात्र उठून दिसतं. हे सगळं करताना मला इतकी मजा येत होती, की आपण पस्तिशी ओलांडलेली बाई आहोत ह्याचा मला विसर पडला होता.

रात्री जेवायला बसलो. मी वाढत होते, म्हणजे सगळ्यांच्या हातांकडे बघायची सोय होती. नवऱ्याची बोटं निळी. साहजिक होतं, तो दिवसातून दहा वेळा टाकीशी लगट करतो. सासऱ्यांची बोटं स्वच्छ दिसली आणि मी निराश झाले. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मला दिसलं, की मिशीचं उजवं टोक निळं आहे. बोटं धुतली होती, मिशी राहिली होती.

"बाबा," मी म्हणाले, "मिशीला काय लागलंय?"

त्यांनी मिशी पुसली, बोट पाहिलं, मग पोराकडे पाहिलं, पोराने स्वतःची बोटं पाहिली. मी नीळ लावल्याचं सांगितलं. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. पण सासरे खजील झाले. ते म्हणाले, की ते रोज दुपारी कोणी नसताना टाकीपाशी जातात आणि हवा आहे का गेली हे बघतात. सोडत नाहीत, बघतात. "बगला त काय गुन्हा हाय?" त्यांचं म्हणणं खरं होतं. दुपारी हवा असायची, मीही सुट्टीच्या दिवशी पाहिलं होतं. ते फक्त टाकी कधी मरते ह्याची वाट बघत होते, तिला मारत नव्हते. एवढा सरळ माणूस मला तेव्हा फार गैरसोयीचा वाटला.

घरात चौथं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचे हात मी पाहिले. तांदळाच्या पिठासारखे स्वच्छ. नीळ नाही, काही नाही. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "जेव गो. टाकीचा इचार जेवताना नको."

ताटं उचलताना त्या वाकल्या, पदर पुढे आला, आणि पदराच्या टोकाला मला दोन निळे ठिपके दिसले. चिमटीत धरल्यावर पडतात तसे.

त्या रात्री मी कोणाला काही बोलले नाही. पण मला राग आला, आणि तो साधासुधा राग नव्हता. सासऱ्यांनी विरोध केला तर त्यात एक खेळ होता, आम्हा दोघांनाही तो आवडायचा. सासूबाईंनी मात्र कधी टाकीबद्दल वाकडा शब्द काढला नव्हता. नवरा हवा भरत असताना त्या त्याला पाणी आणून द्यायच्या. आणि संध्याकाळी जाऊन तीच हवा सोडायच्या. मी खाली यावं, टॉवेल दारावर टाकावा, त्यांनी विचारावं झालं का, आणि सगळं पूर्वीसारखं व्हावं, ह्यापलीकडे मला कारण सुचेना. मला त्या बाईचा कपट करण्याचा शांतपणा सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आणि चोरासारखी स्वतःच्या घरात मागच्या बाजूने शिरले. दिवेलागणीची वेळ होती. नवरा आला नव्हता, सासरे देवळाच्या कट्ट्यावर होते. मी पडवीच्या दारामागे उभी राहिले.

सासूबाईंनी तुळशीपाशी दिवा लावला. मग पडवीत आल्या. इकडे तिकडे पाहिलं. पदराचं टोक चिमटीत धरून त्याने टोपण फिरवून काढलं. अंबाड्यातला आकडा उपसला. मग त्या टाकीपासून हात पुरेल तितक्या लांब उभ्या राहिल्या, पदर तोंडावर घेतला, तोंड विहिरीकडे वळवलं, डोळे गच्च मिटले आणि आकड्याने पिन दाबली. फुस्स असा आवाज बराच वेळ येत राहिला. तो थांबेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. हे पाहून माझा राग अर्धा राहिला, कारण कपट करणारी माणसं इतकी घाबरलेली नसतात.

आवाज थांबला तशी मी पुढे झाले. "आई, काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. टोपण परत ठेवत म्हणाल्या, "हवा सोरतंय."

"पण का? तुम्हाला माझं बाथरूम इतकं खुपतं?"

"बाथरूम?" त्यांना खरंच कळलं नाही. "बाथरूम मना कशाला खुपंल? तू सकाली वर उबी र्‍हातंस. बरोबर हिच्या डोक्यावर. न ही खाली हवा भरून बसलेली." त्यांनी टाकीकडे बोट केलं. "तुज्या नवऱ्याला अक्कल नाय. रोज भरतो. रोज मी सोरतंय."

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मग कितीतरी जुन्या गोष्टी एकदम माझ्या डोळ्यांसमोर आल्या. कुकरची शेवटची शिट्टी झाली की त्या उलथण्याने शिट्टी उचलून सगळी वाफ काढून टाकतात, आमचं वरण म्हणून कायम कच्चट. नणंदेच्या मुलाच्या वाढदिवसाला आम्ही फुगे लावले होते, तर पाहुणे जाताच त्यांनी एकेक फुगा सोडवून गाठ उकलून ठेवला होता, फोडलासुद्धा नव्हता. मला तो काटकसरीचा प्रकार वाटला होता.

"आई, हवेला काय घाबरायचं?" मी म्हणाले.

त्या पडवीच्या पायरीवर बसल्या. मीही बसले. त्यांनी जे सांगितलं ते फार थोडं होतं. त्यांना एक मोठी जाऊ होती. ह्याच पडवीत तेव्हा चूल आणि रॉकेलचा पितळी स्टोव्ह होता, पंप मारून हवा भरायचा. जावेच्या माहेरचे पाहुणे आले होते, चहा लवकर हवा होता. स्टोव्ह पेटेना. जाऊ पिन मारायला वाकली आणि स्टोव्ह फुटला. "तुज्याएवरी व्हती," सासूबाई म्हणाल्या. "चार दिस जगली." त्यांनी विहिरीकडे तोंड वळवलं. "हवा मी मारलेली. ती बोलली, बस गो, पुरे. मी आनकी चार दट्टे मारले."

हे त्यांनी कोणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. सासऱ्यांना भावजय कशी गेली ते ठाऊक असणारच. पण ते चार दट्टे बहुतेक त्यांनी स्वतःपाशीच ठेवले होते. मी त्यांचा हात धरला. निळीचा एक ठिपका आता माझ्या बोटालाही लागला.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. मी त्यांना टाकीपाशी नेलं आणि दुकानदाराने मला समजावलं तसं सगळं समजावलं. आत रॉकेल नाही, पाणी आहे. जाळ नाही. एका मापापर्यंत भरलं की मोटर आपणहून बंद होते. हा काटा बघा, ह्या रेषेपुढे जात नाही. त्यांनी मन लावून ऐकलं, काट्याला हात लावून पाहिला, आणि म्हणाल्या, "बराबर हाय तुजा." संध्याकाळी पुन्हा हवा गेलेली होती.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता. नवऱ्याने हात टेकले होते, नवीन टाकी घेऊ म्हणत होता, सासरे त्याला घेऊ देत नव्हते. मी नवऱ्याला खरं सांगू शकले असते. पण मग ते सासऱ्यांपर्यंत गेलं असतं, त्यांनी ते हसत हसत गल्लीभर केलं असतं, आणि त्या चार दट्ट्यांची गोष्ट कट्ट्यावर गेली असती. ते मला नको होतं. मी दुपारी सासूबाईंना गाठलं. त्या लसूण सोलत होत्या.

"आई, तुम्ही हवा सोडलीत तर बाबा उद्या टाकी काढून देणार. मग वर पाणी नाही."

"ठाव हाय मना."

"मला ते बाथरूम हवंय." हे मी इतक्या जोरात म्हणाले, की माझंच मला लाजिरवाणं वाटलं. "तिथे मला कोणी हाक मारत नाही. दिवसभरात तेवढीच जागा आहे. ऑफिसात साहेब हाक मारतो, घरी तुम्ही मारता. मला थोडा वेळ कोणी हाक न मारलेलं लागतं. बाकी मला काही नको."

त्यांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला असं पाहिलेलं मला आठवत नाही.

"किती टाइम लागतो तुना आंघोलीला?"

मी खोटं बोलायचं ठरवून म्हणाले, "पंधरा मिनिटं."

"बरा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा लसूण घेतला.

रविवारी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. नवऱ्याने आदल्या संध्याकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून हवा भरली होती. सासरे टाकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, खोल शावर. मी वर जाऊन शॉवर सोडला. पाणी आलं आणि येतच राहिलं. उचकी नाही. खाली मोटर एकदाच सुरू झाली, दमदारपणे चालली आणि थांबली. सासऱ्यांनी मला पुन्हा सोडायला लावला, पुन्हा बंद करायला लावला. शेवटी त्यांनी भंगारवाल्याला एक गळकी बादली आणि जुना पंखा देऊन वाटेला लावलं. दिवसभर ते कोणाशी धड बोलले नाहीत. नवरा आपलं कौतुक करून घेत फिरत होता, मी ते करून दिलं.

सोमवारी मी कडी लावून मनसोक्त आंघोळ केली. पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती. केस पुसत खाली आले तर सासूबाई पडवीत पाटावर बसलेल्या, टाकीला पाठ लावून. मांडीवर लसणाची परडी. लसूण परवाच सोलून झाला होता, परडीत नुसती सालं होती.

"इथे कशाला बसलात, आई?"

"तुजी झाली नं? मंग उठतंय." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "फुटली असती त पयली मना लागली असती. वरपरत नसती आली."

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. सकाळी मी जिना चढायला लागले की खाली पाट सरकल्याचा आवाज येतो. मी विनवण्या केल्या, रागावले, टाकीच्या कंपनीचं हमीपत्र वाचून दाखवलं. "तू जा. कर तुजी आंघोल. मी हाय हिथं," एवढंच. आणि मी, जिने एका कडीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, आता कडी लावते आणि दोन मिनिटांत बाहेर येते. खाली एक म्हातारी बाई आपल्या पाठीने टाकी दाबून धरतेय हे ठाऊक असताना डोक्याला शाम्पू लावून गाणं म्हणता येत नाही. साबण नीट निघतो की नाही, तेही मी बघत नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मागच्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी माझं डोकं फिरलं. त्या पाट घेऊन आल्या, तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच त्यावर बसले. पाठ टाकीला लावली.

"तुम्ही जा वर," मी म्हणाले. "आज तुमची आंघोळ वर. मी बसते."

"मना काय करायचाय शावर?"

"जा तर. मी आहे इथे."

त्यांनी पाटाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग टॉवेल घेतला, जिन्याला हात धरत धरत वर गेल्या. मी ऐकत होते. दार लागलं. थोडा वेळ काही आवाज नाही. मग कडी लागली, आणि ती त्यांनी उघडून पुन्हा एकदा लावून पाहिली.

शॉवर सुटला. माझ्या पाठीशी टाकी गार होती. मला टाकीबद्दल सगळं ठाऊक आहे, रबरी पिशवी, हवा, काटा, रेष. तरी मोटर सुरू झाली आणि टाकी पाठीत बारीक थरथरली, तेव्हा मी डोळे मिटले.

सासूबाई लवकर आल्या नाहीत. मोटर थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. ह्या घरात त्यांना पन्नास वर्षं होत आली असतील, आणि त्यातली एकही आंघोळ त्यांनी कडीच्या आत केली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला कधी सुचलंच नव्हतं की हे दुसऱ्या कोणाला हवं असेल.

सासरे देवळाकडून आले. चहा कुठाय विचारत पडवीत आले, मला पाटावर बसलेली पाहून थबकले. "ही कुठं गेली?"

"आंघोळीला गेल्यात. वर."

"वर?" त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मान वर करून हाक मारायला तोंड उघडलं.

"हाक मारू नका," मी म्हणाले. "चहा मी देते, थोड्या वेळाने. त्या येईपर्यंत मला इथून उठता येणार नाही."

त्यांना त्यातलं काहीच कळलं नाही. पण ते पायरीवर बसले आणि गप्प राहिले, आणि आम्ही दोघं वरचं पाणी ऐकत वाट बघत बसलो.